अकरा मीटरवर खोकला

१४ नोव्हेंबर, गुरुवार

हे रजिस्टर मोहितच्या बापाचं. भिलाईच्या प्लांटात पाळीवर जे बिघडलं ते लिवून ठेवायची सवय होती त्याले. रिटायर झाल्यावर सुपेल्याच्या बाजारातून असं जाडं रजिस्टर आणलं आणि घरातलंच लिवत बसला. चार खाने आखले. तारीख, पाळी, बिघाड, उपाय. मिक्सरचं झाकण. नळाचा वायसर. मागच्या दाराची कडी. अर्धं रजिस्टर कोरं सोडून गेला. कोरी पानं फेकायची कावून? मी लिवते. चौथी पास आहे. वाचणारं कोणी नाही, म्हणजे चुका काढणारंही कोणी नाही.

बिघाड: समुद्रात, पाण्याच्या खाली, मोहितचा बाप खोकलला.
उपाय: कंप्युटर घेणे.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ

नीट लिवते. नाहीतर उद्या माहं मलेच समजणार नाही.

मोहित माहा एकच पोरगा. अंदमानात लोकायले समुद्रात बुड्या मारायले शिकवते. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी. बापाले हे काम मरेपर्यंत पटलं नाही. म्हणे, पाण्यात जाऊन वर यायचं, यात काम कोणतं झालं? या दिवाळीत मोहितनं मले बोलावलं. म्हणे, आई, तू वैशाली नगरच्या त्या फ्लॅटमधी बसून बसून गंजून राहिली, ये. गेली. चार दिवसात शिकली. परीक्षा त्यानं तोंडी घेतली. पास. कार्ड भेटलं, फोटोसकट. फोटोत मी पकडलेल्या चोरावानी दिसते, पण कार्ड खरं आहे.

चौथी बुडी. पिवळे मासे, सगळं बरं चाललं होतं. आणि कानाशी खों, खों. मग थोडं थांबून, खोंऽऽ. दोन बारके, एक लांब. तीन वर्षांत ऐकला नव्हता. मी मागे पाह्यलं. कोणी नाही. मोहित समोर होता, पण तो खोकलत नव्हता.

वर आल्यावर विचारलं, आपण किती मीटरवर होतो? त्यानं मनगटावरचा डबा पाह्यला. त्याले कंप्युटर म्हणते. म्हणे, अकरा असेल, बारा असेल, कावून?

कावून म्हणे.

सांगतलं नाही. तो म्हणला असता आई घाबरली. मी घाबरत नाही. भूत-बीत मानत नाही. फक्त जागा पक्की पाहिजे. अकरा का बारा. मग पुढच्या खेपेले तिथंच जाऊन एकदाचं सांगून देते, की बाबा, मेल्यावर तरी बंद कर.

निघायच्या दिवशी, मोहित कामाले आहे त्या बुड्यायच्या दुकानात रजिस्टर दिसलं, सामानाचं. रजिस्टर दिसलं की माहा हात थांबत नाही. लिवलं: टॉवेल ओले भेटतात. चहा पातळ. सात नंबरची नळी घरघर करते, पाहून घ्यावं. सही. होत तर काही नाही. आमच्या सोसायटीच्या रजिस्टरात मी जानेवारीपासून जिन्याच्या बल्बाचं लिवून राहिली. लिवलं की मन मोकळं होते, बस.

१७ नोव्हेंबर

मोहितले फोन केला. म्हणलं मले माहा स्वतःचा कंप्युटर पाहिजे. भल्ला खूश झाला. म्हणे, बरोबर आई, दुसऱ्याच्या डब्याच्या भरवशावर पाण्यात उतरूच नये. तो किती खोल ते सांगते, किती मिनिटं राहता येते ते सांगते, घाईनं वर आली तर ओरडते. तुले ओरडणारं कोणीतरी पाहिजेच.

मग त्याची यादी. आकडे मोठे पाहिजे, तुले चष्म्याशिवाय दिसले पाहिजे. उजेड लागला पाहिजे. बॅटरी आपल्याले बदलता आली पाहिजे. रंगीत पडदा नको, टाकीतली हवा दाखवणारा नको, ते सगळं फुकटचं महाग. वीस हजाराच्या आत साधा घे.

मी विचारलं, आवाज भरून ठेवते का तो?

म्हणे, आवाज कशाले?

म्हणलं, मासे काय बोलते ते ऐकायले.

हसला. फसला. मग म्हणे, आवाज नाही भरत, पण काही काही डब्यायले खुणेचं बटन असते. पाण्यात असताना दाबलं की तिथली वेळ आणि मीटर लिवून ठेवते. मासे मोजणारे लोक वापरते. तुले काही गरज नाही.

मलेच गरज आहे.

ठरवलं. एक, खुणेचं बटन असल्याशिवाय घ्यायचा नाही. दोन, आजपासून दुपारचा चहा एकच कप. दोन होते ते दूध उरते म्हणून होते, बाकी काही नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सुपेल्यात कंप्युटरच्या दुकानात गेली. म्हणलं पाण्यात नेयाचा कंप्युटर दाखवा. त्यानं लॅपटॉपची प्लास्टिकची थैली काढली. म्हणे, बारिश में एकदम सेफ. म्हणलं, बारिश नाही, बारा मीटर. तो म्हणे, माताजी, बारा मीटर में तो आप भी खराब हो जाओगी. दुकानातले सगळे हसले. त्याच्या काउंटरवरची काच फुटकी होती, ते मी त्याले सांगून आली.

मग भूमिकाच्या चॉईस सेंटरात. ही पोट्टी आधार, पेन्शन, सगळं करते. मोहितच्या बापाचा मृत्यूचा दाखलाही तिनंच काढला होता. तिले समजलं. म्हणे, आंटी, ये तो घड़ी जैसा होता है. शोधून देते, दोन-तीन दिवस द्या.

घरी आली तर चार वाजले होते. दूध उरलेलं होतं. दोन कप.

२२ नोव्हेंबर

सिंधुताई खालच्या मजल्यावरची. जिन्यात, अंधारात, बल्ब नाहीच, चार जणायसमोर मले म्हणे, कावून वं रंभा, बुडी झाली आणि बुडी मारून राहिली म्हणे? म्हातारीले बुडी म्हणते आणि पाण्यातल्या डुबकीलेही बुडीच, म्हणून तिले वाटलं भल्ला विनोद केला. म्हणलं, बुडी तू. तुले सासष्ट झाले, मले एकोणपन्नास. आणि मी कार्डवाली आहे.

मग ती हळूच म्हणे, फकिराभाऊ असते तर जाऊ दिलं असतं का?

असते तर. मोहितचा बाप असता तर समोरच्या खोलीत बिडी पेत खोकलत बसला असता.

सिंधुताईले तिवराची, म्हणजे लाखोळीच्या पाल्याची, भाजी देणार होती. नाही दिली. मीच खाल्ली. कडू लागली.

२८ नोव्हेंबर

भूमिकानं चार काढून दाखवले.

पिवळा: सगळ्यात स्वस्त, एकच बटन. त्या एकाच बटनावर सगळं. दहादा दाबा मग उजेड. खुणेचं नाही. बाद.

निळा: पडदा रंगीत, सिनेमावानी. किंमत ऐकून भूमिकाच म्हणे, आंटी, इसमें तो स्कूटी आ जाएगी. बाद.

काळा: दोन बटनं, आकडे मोठे, झाकण नाण्यानं उघडते आणि बॅटरी आपण बदलायची. वीस हजाराच्या थोडाच वर. खुणेचं बटन आहे का ते लिवलेलं नाही. भूमिका कंपनीले पत्र टाकणार.

चौथा जुना, नागपूरच्या एका माणसाचा. अर्ध्या किमतीत. तीनदाच वापरला म्हणे, मग पाण्यात जाणंच सोडलं. कावून सोडलं ते लिवत नाही. अशाचा डबा मी हातात बांधू? त्याच्या आठवणी त्याच्यात असतील, तिथल्या तिथं. घरी एक आहे तेवढा पुरे.

भूमिकानं इंग्रजी वाचून दाखवलं. नो स्टॉप लिवलेलं असते. मले वाटलं नागपूरची नॉनस्टॉप बस. तसं नाही. किती मिनिटं खाली राहिलं तर मधी कुठं न थांबता वर येता येते, ते. त्याच्यापेक्षा जास्त राहिलं तर सरळ वर येता येत नाही, रस्त्यात थांबत थांबत या.

म्हणलं, हे बरं आहे. जास्त वेळ राहणाऱ्याले शिक्षा.

३० नोव्हेंबर, दुपारी चार

आत्ता खोकला आला. समोरच्या खोलीतून. स्पष्ट, दोन बारके एक लांब.

चहा टाकला, कप घेऊन गेली. खाट रिकामी. खाली बाबारावची स्कूटर सुरू होऊन राहिली होती, किका मारून मारून. बाबाराव सोसायटीचा सेक्रेटरी. स्कूटर वीस वर्षांची.

मले माहीतच होतं स्कूटर आहे म्हणून. चहा तसाही टाकायचाच होता.

एक लिवून ठेवते. मोहितच्या बापानं आयुष्यात कधी चहा मांगितला नाही. खोकलायचा. दोन बारके, एक लांब, म्हणजे चहा. तोंड उघडून चहा दे म्हणायले माणसाले काय होते? सत्तावीस वर्षं मी त्याले हेच म्हणत होती. बोलून मांग. खोकलू नको.

६ डिसेंबर

कंपनीचं पत्र आलं. काळ्याले खुणेचं बटन आहे. उजवं बटन, पाण्यात असताना, थोडं दाबून धरायचं.

पैसे भरले. मोहित फोनवर म्हणे, चांगला घेतला, नवीन माणसाले एवढा पुरे. मग विचारते, आई, त्या बटनाचंच काय एवढं?

म्हणलं, आपल्याले जे पाहिजे ते पाहिजे.

म्हणे, बाबावानी बोलून राहिली.

फोन ठेवला.

१४ डिसेंबर, शनिवार

आला. काल. वाटीएवढा. पुस्तक बारा भाषांत, आपली त्यात नाही. भाषा बदलायले गेली तर कोणत्यातरी अशा भाषेत गेला की परत येता येईना. आकडे तेच आहेत, चालेल.

बोलते. टिऽट टिऽट. कोणतंही बटन दाबलं की टिऽट. सकाळी शेजारचा दरवाजा वाजवून गेला, म्हणे कुकर पाहा.

रात्री काढून ठेवला. झोप बरी लागली. एकदाच उठली.

१८ डिसेंबर

आज मोठी परीक्षा केली. पुस्तकातल्या चित्रात दिसते, दीड मीटर खाली गेला की डबा आपोआप जागा होते. दीड मीटर खोल पाणी भिलाईत कुठं आहे? बादलीत नाही. तलावात मी जात नाही, लोक पाहते. मग गच्चीवरची सोसायटीची टाकी आठवली. सिमेंटची, दोन मीटर.

दुपारी सगळे झोपलेले. झाकण सरकवलं, डब्याले नायलॉनची दोरी बांधली, खाली सोडला. वर ओढला. एक पॉइंट नऊ मीटर. मिनिटं, सेकंद, सगळं बरोबर. मग पुन्हा सोडला आणि जोरानं ओढला, तसा तो ओरडायले लागला. घाईनं वर आल्याचं ओरडणं. टाकीत तो आवाज असा घुमला की माह्याच पाठीत कळ गेली.

मागं वळली तर बाबाराव.

म्हणे, रंभाबाई, टाकीत काय सोडून राहिल्या?

म्हणलं, कंप्युटर.

त्यानं माह्याकडं पाह्यलं, दोरीकडं पाह्यलं. खाली जाऊन गच्चीले कुलूप लावलं. मी वरच होती.

१९ डिसेंबर

सोसायटीच्या रजिस्टरात नवीन: सिंधुताई, दुसरा मजला. काल दुपारी नळातून विचित्र आवाज. टाकीत काही आहे. पुढच्या खान्यात बाबारावच्या अक्षरात: टाकी धुतली, पाहणी केली, काही नाही.

एका दिवसात. तिचं एका दिवसात. माहा बल्ब जानेवारीपासून. तक्रार करायची तर सिंधुताईसारखं तोंड पाहिजे.

ठरवलं, आता कुठंच तक्रार लिवणार नाही. बल्ब गेला खड्ड्यात.

२४ डिसेंबर

अडचण लक्षात आली. पाण्यात बोलता येत नाही. तोंडात नळी. आता त्याले सांगायचं कसं?

मोहितनं खुणा शिकवल्या होत्या. बरं आहे. बिघाड आहे. वर चल. त्यातली एकही कामाची नाही. मग माही मी बनवली. डावा हात कप धरल्यावानी, उजवा हात थांब. म्हणजे ठेवते चहा, थांब.

म्हणजे तसं नाही. म्हणजे बंद कर खोकला. पण कपाशिवाय त्याले समजणार नाही कोण म्हणून राहिलं ते.

आरशासमोर वीस वेळा केली. छान जमते.

४ जानेवारी, शनिवार

आज तीन वर्षं.

सकाळी नैवेद्य ठेवला, कावळा लवकर आला. सिंधुताई म्हणे, काही राहिलं नाही त्याचं. तिले काय माहीत.

लिवून टाकते, म्हणजे संपलं. त्या दिवशी दुपारी मले झोपायचं होतं. रात्रभर त्याच्या खोकल्यानं झोप नव्हती, आणि समोरच्या खोलीत जाऊन झोपायचं त्यानंच ठरवलं होतं, मी त्याले काढलं नव्हतं. तिथूनही ऐकू यायचा. मी कानात कापूस घातला. दोन बोळे, चांगले दाबून. पाचले उठली. मले वाटलं आज चार वाजता चहा मांगितला नाही, म्हणजे झोपला असेल. झोपलेला नव्हता.

डॉक्टर म्हणे, चारच्या आसपास.

म्हणजे मांगितला होता का नव्हता, ते मले माहीत नाही. बस एवढंच. यात काही विशेष नाही. कापूस कोणीही घालते.

संध्याकाळी या रजिस्टराची त्याची पानं पहिल्यांदा मागून वाचली. अक्षर वाकडं पण खाने सरळ. शेवटून तिसरं:

बिघाड: खोकला. रंभाले झोप नाही.
उपाय: समोरची खोली.

त्याच्या खाली कुकरची रिंग. त्याच्या खाली घड्याळाची बॅटरी. मग कोरं.

पाहा. मी म्हणलंच होतं. त्यानंच ठरवलं होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

उद्या विमान. बांधाबांध झाली. सकाळी बाबाराव दुधाले गेला, गच्चीची किल्ली त्याच्या बायकोकडून मांगितली, पापड वाळवायचे म्हणून. डबा शेवटचा एकदा टाकीत सोडून पाह्यला. पंधरा मिनिटं. नीट चालते.

वर काढला तर पडद्यावर बारकं विमान. आणि विमानावर फुली.

पापड न घालता खाली आली. मोहितच्या बापाले विमान कधी आवडलं नाही. मोहित पहिल्यांदा विमानानं गेला तेव्हा हा विमानतळावर आला नाही, घरीच बसला. आता फुली मारून सांगते जाऊ नको.

मोहितले फोन केला. पूर्ण ऐकून घेतलं आणि मग असा हसला की खोकला लागला त्याले. म्हणे, आई, बुडी मारल्यावर विमानात लगेच बसायचं नसते, अंगातली हवा त्रास देते. म्हणून तो डबा फुली दाखवते. त्याले वाटलं तू बुडी मारली. तू त्याले कुठं बुडवला?

म्हणलं, कुठं नाही.

म्हणे, टाकीत का?

म्हणलं, विमानाची वेळ सांग.

संध्याकाळी भीती नव्हतीच, तरी फुली कधी जाते ते पाहत बसली. झोपायच्या आधी गेली. म्हणजे परवानगी.

४ फेब्रुवारी

पोहचली. हवेत मीठ. दुकानात मालकीण चंदा मॅडमनं गळ्याले मिठी मारली, म्हणे आंटीजी आप तो हमारी स्टार हैं. टॉवेल कोरडे. ते कसे झाले, विचारलं नाही.

मोहित बारीक झाला आहे. जेवते कुठं? त्याच्या खोलीत बापाचा फोटो. आधी नव्हता. का होता, मी पाह्यला नसेल.

उद्या सकाळी बुडी. तीच जागा. तोच सेट, सात नंबरची नळी. सगळं तयार: डबा, बटन, खूण. जाईन, अकरावर थांबीन, तो खोकलेल, बटन दाबीन, सांगून देईन, वर येईन. अर्ध्या तासाचं काम.

५ फेब्रुवारी, बुधवार, दुपारी तीन

सकाळी मोहितनं चार नंबरचा सेट काढला. म्हणलं सात. म्हणे, चार चांगला आहे. म्हणलं सातच. त्यानं माह्याकडं जरा वेळ पाह्यलं. म्हणे बरं, सात. काढून दिला. नवीनच दिसत होता, चकचकीत.

उतरलो. तीन मीटर, पाच, आठ. काळा डबा छान चालला, आकडे मोठे, चष्म्याशिवाय दिसते. अकरा. थांबली.

माह्या श्वासाचा आवाज. बुडबुडे. दुसरं काही नाही.

वाटलं बारा असेल. बारावर गेली. परत अकरा. साडेदहा. मग कान देऊन बसली वाळूवर. मोहित बोटानं गोल करून विचारते, बरं आहे का? मी गोल करून सांगते, बरं आहे. पुन्हा विचारते. पुन्हा सांगते. मासे येऊन येऊन तोंड पाहून गेले.

मग मीच आधी केली. डावा हात कप, उजवा हात थांब. म्हणलं, आता तरी. मांगत नसेल तरी चालेल. ठेवते.

काही नाही.

बटन दाबून धरलं. अकरा पॉइंट दोन मीटर, एकवीस मिनिटं. काही नाही त्याचीही खूण ठेवली. एवढे पैसे दिले आहेत.

डबा टिऽट टिऽट करायले लागला. मोहितनं खूण केली, वर. मी जाईना. त्यानं माह्या हाताले धरून वर आणलं. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबवलं, तसंच असते. तीन मिनिटं त्यानं हात सोडला नाही.

होडीत विचारते, आई, ती खूण कशाची होती?

म्हणलं, चहाची.

सात नंबरची नळी त्यानं किनाऱ्यापर्यंत मांडीवर धरून ठेवली.

साडेतीन

दुकानात मी म्हणलं, सात नंबर आवाज करत नाही.

चंदा मॅडम लगेच रजिस्टर घेऊन आली, भल्ली खूश. माहीच ओळ. सात नंबरची नळी घरघर करते, पाहून घ्यावं. पुढच्या खान्यात: झडप बदलली, आतला रबरी पडदा नवीन. दोन दिवसांनंतरची तारीख. म्हणे, आंटीजी, आपने लिखा तो दूसरे ही दिन भेज दिया. यहाँ हर कंप्लेंट मैं खुद देखती हूँ.

दोन दिवसात. माही तक्रार. जन्मात पहिल्यांदा.

मी विचारलं जुनी झडप कुठं. मागं डबा आहे, तुटक्या सामानाचा, त्यात असेल म्हणे. तिथं बसली. सहा झडपा निघाल्या, एकसारख्या, रबर वाकलेलं, काळं. एकेक तोंडाले लावून फुंकली. पहिली, काही नाही. दुसरी शिटीवानी. पाचवीत वाळू होती.

मोहित येऊन माह्याजवळ खाली बसला. म्हणे, आई, तशी नाही वाजत ती. पाण्यात, थोडं खोल गेल्यावर, श्वास ओढला की वाजायची. हवा बरोबर यायची, मी रोज तपासायचो, फक्त आवाज.

म्हणलं, तुले माहीत होतं?

म्हणे, दोन वर्षांपासून. तो सेट मी कोणालेच देत नव्हतो. दुरुस्तीलेही पाठवत नव्हतो. मॅडमले सांगायचो चालून राहिला. मग रजिस्टरात लिवलं गेलं.

पुढे म्हणे, तुले म्हणूनच दिला होता.

मी काही विचारलं नाही. त्यानंही सांगतलं नाही, बापाचा खोकला कसा ऐकला पहिल्यांदा, किती मीटरवर. वाळलेल्या झडपा त्यानं डब्यात परत टाकल्या, एकेक, आवाज न करता.

सव्वाचार

रजिस्टर मांगून लिवलं: सेट नं. ७. खोकलत नाही. पहिल्यासारखा करून द्यावा. सही.

चंदा मॅडमनं वाचायले लावलं, मग मोहितकडून हिंदीत समजावून मांगितलं. तो म्हणे, कुछ नहीं मॅडम, माँ की भाषा है.

मग मोहितच्या खोलीत चहा टाकला. घरी दूध उरते म्हणून दोन कप होत होते. इथं दूध पावडरचं आहे, चमच्यानं मोजून. उरत नाही.

बिघाड: तरी दोन कप झाले.
उपाय: दुसरा मोहितनं पेला. तो चहा पेत नाही. म्हणे, आई, पातळ झाला.

म्हणलं, रजिस्टरात लिव.